ऑर्वेलवाले नाना

ऑर्वेलची ‘१९८४’ वाचलेले एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. बाकी कोणी ती कादंबरी वाचलेली नसते, हे नानांचं दुःख. आणि भांडवलही तेच.

लिफ्टमध्ये कॅमेरा बसला त्या दिवशी नाना ओरडले, “आला, बिग ब्रदर आला!” कादंबरीत सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा तो; पोरांना वाटलं, बिग बॉसचा नवा सीझन. मग नानांनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडवून ऐकवलं, की पुस्तक १९४९ सालचं, ऑर्वेलचा जन्म आपल्या बिहारातल्या मोतिहारीचा, वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. वरून लोक दार बडवत होते.

नानांचा जीव कादंबरीतल्या विन्स्टन स्मिथवर. हा सत्य मंत्रालयातला कारकून. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलायचा आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकातून भट्टीत सोडायचा, ही त्याची नोकरी. “आपला सेक्रेटरी वेगळं काय करतो?” असं म्हणत नाना सोसायटीची प्रत्येक नोटीस फायलीत लावतात. टाचण्या गंजल्यात, पण कोपऱ्यात हिरव्या शाईत तारीख आणि शेरा: ‘मूळ प्रत’.

उन्हाळ्यात संध्याकाळचं पाणी दोन तासांवरून एका तासावर आलं. पुढच्या सभेत सेक्रेटरींनी जाहीर केलं, समितीच्या अथक प्रयत्नांनी पाणी आता तब्बल दीड तास! टाळ्या पडल्या. नाना ताडकन उठले, “चॉकलेट! हे तर चॉकलेट!” कादंबरीत रेशनचं चॉकलेट तीस ग्रॅमवरून वीसवर येतं आणि दुसऱ्याच दिवशी ते वीसवर ‘वाढवल्या’बद्दल आभाराचे मोर्चे निघतात. सभेत निम्म्यांना वाटलं, चहाबरोबर चॉकलेट आहे. पण फाईल उघडली, दोन तासांची नोटीस निघाली, आणि सेक्रेटरी घाम पुसू लागले.

आता पाळतीचा एवढा तिटकारा असलेले नाना पहाटेपासून गॅलरीत उभे. कोणाकडे पार्सल आलं, कोणाचा मुलगा किती वाजता परतला, सगळं तोंडपाठ.

“ते वेगळं. मी काळजीपोटी बघतो.”

“तुमचा तो ब्रदरही हेच म्हणत असेल,” काकू पोहे परतताना म्हणतात.

फ्लॅट नंबर १०१ मधल्या सत्यनारायणाला नाना जात नाहीत. कादंबरीतल्या त्या नंबरच्या खोलीत काय होतं, विचारलं की विषय बदलतात. (विन्स्टनसाठी उंदीर होते. नानांनाही उंदरांची भीती आहे. हे काकूंकडून कळलं.)

तुमच्याकडचे नाना जिन्यात गाठतील तेव्हा दोन मिनिटं थांबा. ‘असं काही ठरलंच नव्हतं’ असं समिती म्हणेल, तेव्हा मूळ प्रत त्यांच्याचकडे मिळते. झेरॉक्सचे पैसे मात्र ते सोडत नाहीत.