मीठ संपलेले आजोबा

राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या माणसांनी भाईंदरच्या मिठागरांत हाडं झिजवली. आमच्या राईतले तसलेच एक आजोबा जनरल वॉर्डात होते. दिवसा गरीब गाय. मध्यरात्री मात्र सलाईन उपटून उभे राहिले नि ओरडले, “उघाडी कोनी उघरी ठेवली गो? पानी आयला ना!” घरचे म्हणाले, वात झालाय. रिपोर्ट म्हणाला, रक्तातलं सोडियम उतरलंय. म्हातारपणी तेवढ्यानंही माणूस बरळतो.

“जन्मभर मीठ पिकवलं, अंगातलंच संपलं बघ,” एक सिस्टर पुटपुटली. दुसरीनं विचारलं, “अंगाईची ऑर्डर आहे का गं?”

अंगाई म्हणजे इंजेक्शन. हॅलोपेरिडॉल आणि फेनरगन. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००४ साली २०० खवळलेल्या रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात ही जोडी लोराझेपामपेक्षा लवकर गुण देणारी ठरली. पण ते मनोरुग्ण होते. म्हाताऱ्यांचा गोंधळ फेनरगननं उलट वाढतो, हे दोघींनाही पाठ. म्हणजे अंगाई मिळणार नाही हे ठाऊक असूनच विनोद चालला होता. साठ्यात तेवढा विनोदच शिल्लक असावा.

दोघींतल्या लातूरकडच्या सिस्टरनं आजोबांच्या मुलाला विचारलं, उघाडी म्हणजे काय हो? भरतीचं पाणी घ्यायचं, अडवायचं दार, असं कळल्यावर ती खाटेशी गेली. “बाबा, लावून आले उघाडी. कुलूपही घातलं.”

“उघाडीला कुलूप? येरी का काय तू?” आजोबा हसले आणि आडवे झाले. सुई पुन्हा टोचून घेताना हूं की चूं नाही.

नातेवाइकांना आडवं करणं मात्र अवघड. भ्रमात रुग्ण विचारतो, मी कुठे आहे? नातेवाईक शुद्धीत विचारतो, मी कोण आहे माहितीये का? पहिल्यावर इलाज आहे. दुसऱ्यासाठी राज्य सरकारला २०१० साली कायदाच करावा लागला: रुग्णालयात मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद. सिस्टर त्यालाही डोस म्हणतात.

तेव्हा घरचं म्हातारं माणूस दाखल कराल, तर चष्मा, कवळी नि कानाचं यंत्र घरी विसरू नका. दिसलं-ऐकू आलं की रात्रीचा गोंधळ कमी होतो. आणि त्यांनी जन्मभर काय काम केलं, तेही सिस्टरला सांगून ठेवा.