ड्युटीची टोपी

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, राहणार अहमदपूर तालुका, वय ऐंशीच्या पुढे. लग्न, मयत, बँक, दवाखाना, सगळीकडे एकाच पांढऱ्या टोपीत. ती डोक्यावरून उतरते फक्त धुवायला आणि निजायला. अशा माणसाला मी नातवाबरोबर गेम झोनमध्ये घेऊन गेलो, ही चूक माझीच. कुठल्या शहरातल्या, ते विचारू नका. लातूर म्हटलं तर नांदेडकर म्हणतील आमच्याकडे काय गेम झोन नाहीत? नांदेड म्हटलं तर लातूरकर म्हणतील, तरीच.

आदल्या दिवशी आम्ही नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शनाला गेलो होतो. तिथला नियम सरळ आहे. डोकं झाकलेलं नसेल तर आत जाता येत नाही. नातवाच्या डोक्याला मी केशरी रुमाल बांधला, तो दर दोन मिनिटांनी त्याच्या डोळ्यांवर उतरत होता. आबांचं डोकं जन्मापासून झाकलेलंच. तरी त्यांनी एक रुमाल मागून घेतला आणि टोपीवरून आवळून बांधला. म्हणाले, "देवाच्या दारात कमी पडाया नको."

दुसऱ्या दिवशी काचेच्या दारात फलक: टोपी, हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल बांधून प्रवेश नाही. लुंगी, बर्मुडा चालणार नाही. सभ्य पोशाख आवश्यक. खाली ठळक अक्षरांत, 'आदेशावरून'. कोणाच्या आदेशावरून, हे आपल्याकडे विचारायची पद्धत नाही.

"काका, टोपी काढा," दारावरचा पोरगा म्हणाला.

"कामून?"

"क्यामेऱ्यात तोंड दिसत नाही."

इथे मला थांबणं भाग आहे. गांधी टोपीला पुढे झाप नसते. ती फार तर टक्कल झाकते. टकलावरून चोर ओळखायची सोय त्या कॅमेऱ्यात असेल, तर गोष्ट वेगळी.

आबा म्हणाले, "घरात सुतक नाही, काही नाही. बोडक्यानं कामून हिंडू? आन् तुझ्या डोक्यावर काय हाय मग?"

पोरानं नकळत हात वर नेला. त्याच्या डोक्यावर एजन्सीनं दिलेली निळी टोपी होती. एक माप मोठी, कानांवर टेकलेली, पुढे ही एवढी झाप. त्याचं स्वतःचं तोंड कॅमेऱ्याला नोकरी लागल्यापासून दिसलं नसावं.

"ही ड्युटीची हाय," तो म्हणाला.

त्याच्या मागे काउंटरवर उद्घाटनाचा फोटो टांगलेला होता. फीत कापणारे साहेब, कात्रीचं ताट धरणारे साहेब, फोटोत यायचं म्हणून वाकडे झालेले साहेब, असे सात जण. सातही डोक्यांवर फेटे, तुरा काढलेले. एकाचा फेटा तर भुवयांखाली उतरला होता. पण फेटा म्हणजे सत्कार; टोपी म्हणजे संशय.

आबांनी टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला. कपाळावर अर्धं रान काळं, अर्धं पांढरं, मध्ये बांध घातल्यासारखी रेघ. मी त्यांना असं बोडकं कधी पाहिलंच नव्हतं. मलाच बघवेना.

आत गेलो तर पुढचा नियम. उड्या मारायच्या जाळीवर मोजे सक्तीचे. मोजे त्यांच्याचकडून घ्यायचे, घरचे चालत नाहीत, कारण तळव्याला रबराचे ठिपके हवेत. नातवाबरोबर मोठं माणूस हवं, म्हणून मोठ्या माणसालाही मोजे. जोडी साठ रुपये, परत घेतली जाणार नाही. आबांच्या पायानं आजवर फक्त करकरीत चपला आणि चिखल पाहिलेला. हिरव्या मोज्यांतले आपले पाय ते बराच वेळ दुसऱ्याचे असल्यासारखे बघत राहिले.

पूर्वी हे इतकं कडक नव्हतं हो. यष्टी स्टँडाशेजारी व्हिडिओ गेम पार्लर असायचं. दाराला काळा पडदा, आत चार मशिनी, आणि खेळ कमी, आकडा जास्त. तिथे पोशाखाची अट नव्हती. गिऱ्हाईक तोंडाला रुमाल बांधायचं ते एकाच दिवशी: धाड पडली आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी फोटो निघाला की.

आणि डोकं झाकायचं की उघडं ठेवायचं, हे आमच्या मुलखात डोकेवाल्यानं कधी ठरवलेलंच नाही. निजामाच्या दरबारात उघड्या डोक्यानं जाता येत नसे. डोक्याला दस्तार लागे, कमरेला बगलूस. शेजारच्या सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला, तेव्हा उलटं झालं. गांधी टोपी डोक्यावर दिसली की गोऱ्या शिपायांचं डोकं फिरायचं. आता ना निजाम ना गोरे, एजन्सी आहे. साहेबाच्या देशातही सुटका नाहीच: इंग्लंडातल्या केंट परगण्यात ब्लूवॉटर नावाचा मोठा मॉल आहे, त्यानं २००५ साली झापेच्या टोप्यांवर आणि टोपीवाल्या स्वेटरांवर बंदी घातली होती. पण तिथल्या टोपीला निदान झाप होती.

या विषयात खरा अधिकार विचाराल तर लातूर-नांदेडच्या बारावीतल्या पोरांचा. डॉक्टर व्हायचं तर आधी दर्जी व्हावं लागतं. नीटच्या नियमात फुल बाह्या नकोत, बूट नकोत, टोपी, पट्टा, घड्याळ काही नको. पायात चप्पल किंवा कमी टाचेचं सँडल. परीक्षेच्या सकाळी केंद्राबाहेर उभे राहा. एखादी आई पोराच्या शर्टाच्या बाह्या कात्रीनं कापत असते, बाप स्वतःची चप्पल काढून पोराला देतो आणि त्याचे बूट हातात धरून, तापलेल्या डांबरावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, गेट बंद होईपर्यंत बघत राहतो. मे २०२४ लाही हे सगळं यथासांग झालं. मग पेपर कुठून फुटला? सीबीआयच्या तपासानुसार हजारीबागच्या एका केंद्रात आणून ठेवलेल्या पेटीतून. पेटीला बाह्या नसतात. पुढे नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाला लातुरात येऊन दोन शिक्षकांची चौकशी करावी लागली, ते प्रकरणही मोबाइलमधल्या देवघेवीचं होतं, शर्टाच्या मापाचं नव्हतं.

हेच पोरगं उद्या सरकारी नोकरीला लागलं तर काय? डिसेंबर २०२० च्या परिपत्रकानं कार्यालयात जीन्स, टी-शर्ट आणि चप्पल नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे परीक्षेला चप्पलच हवी आणि नोकरीत चप्पल नको. शिक्षक झालं तर मार्च २०२४ चा शासन निर्णय: त्यातही जीन्स, टी-शर्ट नको, वर नावाआधी 'टि' लावायचं. हे बरं आहे. अंगात टी नको, नावात टी हवा. आणि देवाला साकडं घालायला तुळजापूरला जावं, तर मे २०२३ मध्ये तिथेही हाफ पँट आणि बर्मुड्यावर बंदीचे फलक लागले होते. ओरड झाली आणि ते त्याच दिवशी उतरले. इतक्या चपळाईनं हललेलं दुसरं प्रशासन माझ्या पाहण्यात नाही. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाबाबरोबर टोपीवरही बंदी घातली, ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिला स्थगिती मिळाली. आबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "टोपीसाठी दिल्लीला? भाडं किती पडलं असंल?"

गेम झोनमध्ये मोठ्या माणसाला करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी बाहेर पडायचं दुसरं दार शोधत होतो. सापडलं. वर हिरवा दिवा, 'आपत्कालीन मार्ग'. खाली टेडी बेअरचे खोके छताला लागलेले, आणि कडीला कुलूप. एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "किल्ली सरांकडं हाय." सर कुठे? "सर पुण्याला."

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, त्यात २७ जण गेले; लेकरंही होती. त्या दिवशी प्रवेशाची स्कीम होती ९९ रुपयांची. वेल्डिंगची ठिणगी उडाली, अग्निशमन दलाचा परवाना नव्हता. त्यातल्या कोणाच्या डोक्यावर टोपी होती का, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर जागोजागी तपासण्या झाल्या म्हणे. या कुलपापर्यंत कोणी आलं असेल, तर त्यानं दारात टोपी नक्की काढली असणार.

मी काउंटरवर जाऊन खोक्यांचं सांगितलं. तिथल्या मुलीनं हसून एक फॉर्म पुढे केला. त्यावर पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातल्या एकावर खूण करायची. कुलपाचा चेहरा त्यात नव्हता.

तोवर नातवानं पंधराशे रुपयांचं कार्ड रिकामं केलं होतं. मशिनीतून निघालेली तिकिटं गळ्यात माळेसारखी घालून तो बक्षिसांच्या खिडकीकडे पळाला. शंभर तिकिटांना खोडरबर, तीनशेला शिट्टी. त्याच्याकडे सातशे निघाली. मुलीनं वरच्या खणातून वस्तू काढून दिली.

टोपी. लाल, पुढे झाप, झापेवर गेम झोनचं नाव. शनिवारच्या बाजारात साठ-सत्तरला मिळते तसली.

तेव्हा कुठे मला तो फलक नीट कळला. थिएटरात बाहेरचा खाऊ नेता येत नाही, तसं आहे ते. टोपी चालते, घरून घालून आलेली चालत नाही.

आबांनी हिरवे मोजे काढून दुसऱ्या खिशात कोंबले, चपला सरकवल्या. "साठाचे हायेत," ते म्हणाले, "थंडीत रानात जाया होतील." नातवानं लाल टोपी डोक्यावर चढवली आणि झाप मागे फिरवून दाराकडे धावला. दारावरच्या पोरानं आपली निळी टोपी काढून काखेत धरली होती आणि बाहीनं कपाळ पुसत होता. नातवाला बघताच त्यानं ती घाईनं डोक्यावर ठेवली आणि हात आडवा केला.

"बाळा, बाहेर जाऊन घाल."