माडी ते ओसरी, नऊ तास

पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ ४० जीबीचा निघाला. लग्न दीड तास उशिरा लागलं, तो दीड तासही त्यात आहे. ही एकच फाईल माडीवरच्या लॅपटॉपमधून खाली ओसरीतल्या संगणकात न्यायची होती. मधे पायऱ्या अठरा. रात्री कॉपी लावली आणि पडद्यावर आलं: ९ तास बाकी. थोड्या वेळाने, २ दिवस. मग एकदम ४० मिनिटं. आमचा वायरमन डोंगरकड्याला येताना फोनवर 'वारंगा फाट्यावर पोचलो, आलोच' म्हणतो, तसलाच भरवसा.

पेन ड्राइव्ह का नाही, असं विचाराल. घरातला एकुलता एक पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा, चार जीबीपेक्षा मोठी फाईल तोंडातच घेत नाही. नव्याने फॉरमॅट करावा तर आत अण्णांची भजनं. ती आधी दुसरीकडे काढून ठेवता येतात, पण हे अण्णांना कोण सांगणार?

२००९ साली दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून डर्बनकडे सोडलं होतं. कार्ड पोचून त्यातली माहिती उतरवून घेईपर्यंत दोन तासांवर सातेक मिनिटं गेली. तेवढ्या वेळात इंटरनेटवरून गेली होती चार टक्के. आमच्याकडे कबुतरं भरपूर, माडीच्याच वळचणीला असतात. पण ती अठरा पायऱ्या उतरून ओसरीत जाणारी नाहीत.

मी इंटरनेटवाल्याला फोन लावून भांडलो. तो शांतपणे म्हणाला, ''सर, तुमचा पन्नासचा प्लॅन पन्नासनंच चालतोय.'' खरं होतं. एक तर त्याचे पन्नास बिटांतले आणि माझी फाईल बाइटांतली. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे पन्नासचे झाले सव्वासहा. दुसरं म्हणजे माझी फाईल घराबाहेर जातच नव्हती. त्याची तार तोडून टाकली असती तरी ती त्याच चालीने ओसरीकडे निघाली असती. घरातल्या घरातलं भांडण मी गावात नेलं होतं.

सकाळी धाकटा केळीचं ठिबक पाहून आला. सेकंदाला १.२ एमबी हा आकडा त्याने पाहिला आणि म्हणाला, ''दादा, मोटर किती एचपीची हे काहून पाहू लालास? नळी पाय ना. कुठं चोक झाली ते पाय.''

मग आम्ही लाईन तपासायला निघालो, शेतात निघतो तसेच, मोटरीपासून. फाईल माडीवरून आधी मधल्या खोलीतल्या राउटरकडे जाते आणि तिथून ओसरीत. दोन्ही टप्पे बिनतारी, म्हणजे तीच हवा दोनदा वापरायची, आणि हवेत एका वेळी एकानेच बोलायचं. वेग तिथेच निम्मा. त्यात बायकोचा फोन, पोरांचा टीव्ही आणि अण्णांचा जुना मोबाईल, सगळ्यांना पाळी हवी. अण्णांचा मोबाईल तर एवढा सावकाश बोलतो की त्याची पाळी संपेपर्यंत बाकीचे ताटकळत. इसापूरच्या कालव्याला पाणी सुटलं तरी टेलच्या शेतकऱ्याची जी गत, ती माझ्या संगणकाची.

पण खरा चोक सापडला तो राउटर आणि ओसरीच्या मधे. गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या, पुरुषभर उंच, भिंतीला भिंत लावून उभ्या. पत्र्यावर आदळून लहरी माघारी फिरायच्या.

''माय, ह्या कोठ्या जरा सरकवू?''

''कोठ्या नाही हलायच्या. परभणी जिल्हा होता तवापासून तिथंच हायेत. तुझं ते डबडं हलव.''

हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीपासून बसलेल्यांना उठवणारा मी कोण? राउटरही हलेना, कारण त्याची तार देवघराच्या वरून आलेली आणि ती एकदाच येणार होती.

शेवटी तालुक्याच्या गावाहून वायर आणली आणि कोठ्यांना वळसा घालून ओसरीत नेली. लॅपटॉप माडीवरून उतरवून राउटरच्या शेजारी पाटावर ठेवला. वेग अकरावर गेला आणि तिथेच अडला. धाकट्याने वायरीचं टोक उजेडाकडे धरलं. आत आठ तारा, पण टोक बसवणाऱ्याने जोडलेल्या चारच. आठही जोडल्या असत्या तर शंभराची वायर हजाराची झाली असती. ''सोळा एमएमची लॅटरल सांगून बाराची दिली लेका,'' तो म्हणाला. अकरा तर अकरा. तासाभरात फाईल ओसरीत पोचली.

सगळं घर संगणकापुढे बसलं. व्हिडिओ सुरू झाला: सनई, मांडव, पाहुणे, आणि मांडवाच्या कडेला आचाऱ्याच्या भट्टीमागे आडोसा म्हणून उभ्या केलेल्या पत्र्याच्या दोन कोठ्या. त्याच.

मी मायकडे पाहिलं.

''लग्न होतं ते,'' माय म्हणाली.