जरा डावीकडे सरक

डब्लिनला वर्षभराची मास्टर्स करायला आलेल्या मराठी मुलांत दर सप्टेंबरला असा एक निघतोच. विषय डेटा ॲनालिटिक्स, आठवड्याला २० तास सुपरमार्केटात काम, आणि आल्या आल्या कॉलेजच्या फोटोग्राफी सोसायटीत नाव. तिथे कोणीतरी त्याला फोनवरची ग्रिड चालू करून देतं. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, नऊ चौकोन. त्या दिवसापासून मुलगा आपला राहत नाही.

त्याला आता माणसं दिसत नाहीत, छेदबिंदू दिसतात. पावभाजीला बोलवा, ताटली एक-तृतीयांशावर सरकल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास पडत नाही. तोवर पावावरचं लोणी थिजतं.

हेपेनी ब्रिज हे त्याचं तीर्थक्षेत्र, कारण कठडे म्हणजे 'लीडिंग लाइन्स', नजर पुढे नेणाऱ्या रेघा. लिफी नदीवरचा हा १८१६ सालचा बिडाचा पूल. ओलांडायला अर्धा पेनी पडायचा, त्यावरून हे नाव. टोल १९१९ साली बंद झाला, पण शनिवारी दुपारी हा मधोमध उकिडवा बसला की पलीकडे जाणाऱ्यांना थांबावंच लागतं. आयरिश माणूस सभ्य. उलट तोच 'सॉरी' म्हणतो. हाल होतात ते मित्राचे. "जरा डावीकडे सरक. अजून. हनुवटी लिफीकडे." सरकता सरकता मित्र फ्रेमबाहेर जातो, तेव्हा हा म्हणतो, "आता बरोबर!"

क्लेअर परगण्यातल्या मोहरच्या कड्यांवर, जिथे खाली समुद्र २१४ मीटरवर आहे, तिथे "दोन पावलं मागे" म्हणायला त्याला सोबतच्या मुलींनी बंदी घातली आहे. आभाळ देखणं असेल तर दोन-तृतीयांश आभाळ, नसेल तर दोन-तृतीयांश जमीन, असा त्याचा नियम. क्लेअरचं आभाळ हे नियम वाचून येत नाही. क्षितिज कुठे ठेवायचं हे ठरेपर्यंत धुकं चढतं आणि कडे, समुद्र, मैत्रिणी सगळंच गडप. तो पांढरा चौकोनही त्याने 'निगेटिव्ह स्पेस' म्हणून ग्रुपवर टाकला. तेरा जणांनी अंगठा दिला.

फोटोग्राफीचा इतिहासही त्याला पाठ आहे. फ्रान्सिस ब्राउन हा जेझुइट विद्यार्थी १९१२ साली बिशप काकांनी काढून दिलेल्या तिकिटावर टायटॅनिकवर चढला, दुसऱ्या दिवशी क्वीन्सटाउनला, म्हणजे आजच्या कोव्हला, उतरला. पुढे न्यूयॉर्कपर्यंतचं भाडं भरायला एक श्रीमंत जोडपं तयार होतं. वरिष्ठांनी तारेने नाही म्हटलं. म्हणून माणूसही वाचला आणि फोटोही. डेकवर भोवरा फिरवणाऱ्या मुलाचा त्याचा फोटो हा सगळ्यांना दाखवतो. "बघा, भोवरा कुठे ठेवलाय!" अरे बाबा, ब्राउनने ठेवला नाही. पोरगं खेळत होतं, आणि तो बघत होता.

खरी जुंपते ती गणेशोत्सवात. याच्या फोटोत पुढे धूसर मोदक, बाप्पा डाव्या रेघेवर, उजवीकडे आरती म्हणणाऱ्या काकूंचा अर्धा कान. "बाप्पाला कोपऱ्यात बसवलंस? सबंध घे, पायांसकट!" काकूंच्या पिढीचं शास्त्र सोपं: देव मध्ये, उंच माणसं मागे, मुलं खाली मांडी घालून, आणि कोणाचे पाय कापायचे नाहीत. खरं तर त्या फोटोत मूर्तीच्या सोंडेवर खिडकीतला उजेड फार सुरेख उतरला होता. हे मी काकूंसमोर बोललेलो नाही.

मध्यंतरी साताऱ्याहून आईचा फोन आला: एक स्थळ आलंय, चांगलासा फोटो पाठव. चिरंजीव ओहोटी गाठून सँडीमाउंटच्या वाळूवर गेले. मागे पूलबेग वीजकेंद्राची २०० मीटरहून उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन धुराडी. हा स्वतः खाली उजव्या छेदबिंदूवर, पाठमोरा, 'स्केल कळावी म्हणून'. आठवड्याने मुलीकडच्यांचा निरोप आला: "स्थळ छान आहे. आता मुलगाही दाखवा."