पी-व्हॅल्यूवाले सर

मेडिकल कॉलेजात पोस्टमॉर्टेम दोन ठिकाणी चालतं. एक फॉरेन्सिकला आणि दुसरं पीएसएम म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात, पी-व्हॅल्यूवाल्या सरांच्या टेबलावर. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी १९३८ साली कोलकात्याच्या सांख्यिकी परिषदेत बजावलंच होतं, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठाल, तर तो फार तर प्रयोग कशाने गेला तेवढं सांगेल. या सरांची अख्खी नोकरी त्यावरच चाललीये.

छत्रपती संभाजीनगरात घाटीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खासगी मेडिकल कॉलेज आहे, विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे. म्हणून संख्याशास्त्रज्ञांची ही जमात इथे टिकून आहे. सर मूळचे परभणीकडचे. एम.एस्सी., मग सीएचबीवर तासाच्या हिशोबाने या कॉलेजातून त्या कॉलेजात पळापळ, पीएच.डी., आणि शेवटी 'स्टॅटिस्टिशियन-कम-लेक्चरर' ही विभागातली एकुलती एक खुर्ची. आधीचे सर रिटायर झाले तेव्हा कुठे ती मिळाली. गावाकडच्या घरावर 'डॉ.' अशी पाटी लागल्यापासून लोक गुडघे दाखवायला येतात. वडील सांगतात, "पोरगा मोठ्या दवाखान्यात आहे." यात खोटं काहीच नाही.

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली, की ड्यूटी संपवून, डोळे तारवटलेले रेसिडेंट लॅपटॉप घेऊन दारात उभे. एक्सेल उघडतं. लिंगाच्या रकान्यात कुठे 'एम', कुठे 'मेल', कुठे 'पु.' आणि एका ठिकाणी नुसतंच 'हो'. एका आजोबांचं वय २५०. हिमोग्लोबिन '१०-१२' असं लिहिलेलं, एक्सेलने परस्पर त्याची तारीख करून टाकलेली. सर चष्मा पुसतात. पी-व्हॅल्यू येते ०.०६.

"सर, थोडं खाली नाही का येणार?"

"डॉक्टर, ही शहागंजची भाजी नाही."

"पण गाइड म्हणाले, ०.०५च्या आत पाहिजे."

ती ०.०५ची रेघही फिशरनीच १९२५च्या पुस्तकात सोयीची म्हणून मारली होती, हे सर मोठ्या प्रेमाने सांगायला घेतात. तोवर समोरच्याला वॉर्डातून फोन येतो.

मोबदला म्हणजे कॅन्टीनचा चहा आणि आभाराच्या पानावर नाव. आडनाव दरवर्षी वेगळं छापून येतं. पेपर निघाला तर लेखकांत रेसिडेंटच्या विभागातले सगळे असतात. सर आभारातल्या 'इतर सर्वां'मध्ये.

सर राहतात सिडकोत. जायकवाडी धरण इतकं जवळ, तरी नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न रोजचा. शेजाऱ्यांनी विचारलं, की सर मागच्या नोंदी काढतात आणि म्हणतात, "पंचाण्णव टक्के खात्रीने, सहा ते दहा दिवसांत." खालच्या मजल्यावरच्या काकू लाइनमनला विचारून 'परवा' म्हणतात. येतं परवाच. सर ती तारीखही वहीत टिपून ठेवतात. काकूंचा नमुना लहान आहे, असं त्यांचं मत.

टेबलामागे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचा फोटो आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा माणूस १९५१ साली रोमला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या एफएओचं सांख्यिकी खातं सांभाळतो, हे सर प्रत्येक नव्या बॅचला सांगतात. बॅच सॅस हे सॉफ्टवेअर शिकते आणि पुण्याला सायटेलसारख्या, औषधचाचण्यांची आकडेमोड करणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला लागते. दिवाळीला भेटायला आलेला एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडे पहिला पेशंट घ्यायच्या आधीच विश्लेषण कसं करायचं ते ठरतं." पगाराचं सर काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "आधी? म्हणजे अगदी आधी?"

परवा मात्र आक्रीत घडलं. पहिल्या वर्षाची एक रेसिडेंट सकाळी अकराला, कोरी वही घेऊन आली. अजून एकही पेशंट घेतलेला नव्हता. सर गडबडले. चहा त्यांनीच मागवला. किती पेशंट लागतील त्याचं सूत्र मांडलं आणि विचारलं, "दोन गटांत किती फरक अपेक्षित धरायचा?"

"तो तुम्ही धरा ना सर. साठ पेशंट यायला हवेत, बाकी कसंही चालेल."

सर उलट्या बाजूने गणित मांडायला बसले.