पूर्वसंचित आणि घरपट्टी
इंग्लंडात काउन्सिल टॅक्स नामक घरपट्टी आजही 1 एप्रिल 1991 च्या बाजारभावावर बेतलेली असते. त्या तारखेनंतर जन्मलेल्या पुण्याच्या विद्यार्थ्याने तेथे बिऱ्हाड करताच मागील भाडेकरूच्या थकबाकीचा तगादा त्याच्या दारी यावा, हे त्या सरकारने पूर्वसंचिताचा सिद्धान्त किती श्रद्धेने अंगीकारला आहे याचेच द्योतक होय. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडास पट्टी माफ असते खरी. परंतु आपण विद्यार्थी असल्याचा विद्यापीठाचा दाखला आणि आपण तो परागंदा गृहस्थ नसल्याचा भाडेकरार रुजू होईपर्यंत, जप्तीच्या इसमाने चहाची किटली न्याहाळीत उंबऱ्याशी तिष्ठावे, यात आम्हांस निखळ कर्तव्यनिष्ठाच दिसते. आमची एवढीच अर्जी, की थकबाकीबरोबर पूर्वाश्रमीच्या रहिवाशाची पदवीही नव्या भाडेकरूस बहाल व्हावी. म्हणजे तो पहिल्याच आठवड्यात कृतार्थ होऊन स्वदेशी परतेल, आणि आपला तगादा पुढच्यासाठी ठेवून जाईल.