समतल जागा पाहिजे

वाशिम जिल्ह्यात अधर राहण्याची परंपरा जुनी आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता विराजमान आहे, अशी भाविकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. पूर्वी म्हणे तिच्याखालून घोडेस्वार जाई. तिथं कॉम्प्रेसर नाही की वायरिंग नाही. माझ्या साळ्याच्या गाडीत दोन्ही आहे, म्हणूनच ती खाली बसली.

गाडी विलायती, फोर व्हील ड्राइव्ह आणि अर्थातच सेकंडहँड. नवी घ्यायची तर वावरच विकावं लागलं असतं. तिला पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर रबराच्या चार फुगीर पिशव्या, आणि त्यांत हवा. रेंज रोव्हरनं 1992 साली हा हवेचा कारभार आपल्या गाडीत आणला, तेव्हा वाशिमला जिल्हा व्हायला अजून सहा वर्षं होती. शेलूबाजारहून समृद्धीवर चढून वेग घेतला की साळ्याची गाडी वारा कापायला आपणहून थोडी खाली सरकते; शेतरस्त्याला लागली की बटणासरशी पोट वर उचलते. हे बटण त्यानं सोयऱ्याधायऱ्यांपैकी कोणाला दाबून दाखवायचं बाकी ठेवलं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी गाडी उठू पाहणाऱ्या म्हशीसारखी दिसली: मागचं उभं, पुढचं बसलेलं, त्यातही डावीकडून जास्त. गल्लीनं तपासणी सुरू केली. कोणी म्हणालं पंक्चर, कोणी म्हणालं नजर लागली. बायकोचे मामा ओट्यावरून म्हणाले, "जावई, बंडीले कधी सेन्सर पाह्यला का तुमी? पाटे टाका म्हना त्याले."

मिस्त्रीनं खाली झोपून हात घातला आणि काळ्या मातीच्या गोळ्यातून काडेपेटीएवढी डबी काढली: उंचीचा सेन्सर. तिला एक दांडा, दांड्याला लिंक, लिंक चाकाच्या आर्मला. चाक वर-खाली झालं की दांडा फिरतो, डबीतून येणारा व्होल्टेज बदलतो आणि गाडी किती उंच आहे ते कॉम्प्युटर त्यावरून ठरवतो. चाकागणिक अशी एक डबी. जुन्या धाटणीच्या डब्यांत आतली पट्टी मधल्या भागात आधी झिजते, कारण गाडी जन्मभर बहुतेक एकाच उंचीवर चालते. साळ्याच्या डबीत मात्र पाणी शिरलं होतं. पिशवी धड, कॉम्प्रेसर धड. फक्त खबर चुकीची जात होती.

नवी डबी पुण्याहून आली आणि चहा येईस्तोवर बसलीसुद्धा. पण नवा सेन्सर बसवला की गाडीची उंची त्याला नव्यानं शिकवावी लागते.

"सर, समतल जागा पाहिजे," मिस्त्री म्हणाला, आणि घोडं इथंच अडलं. अंगणाला मोरीकडे उतार, गल्लीला नालीकडे उतार, गॅरेजला दोन्हीकडे. नव्या काँक्रीट रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. शेवटी मिस्त्रीलाच सुचलं: धरमकाटा! वजनकाट्याचा प्लॅटफॉर्मच वाकडा असता तर ट्रॉलीवाल्यांनी काटेवाल्याला केव्हाच सरळ केलं असतं.

सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागे नंबर लावून आमची विलायती काट्यावर चढली. मिस्त्रीनं टेप काढला. माप घ्यायचं ते चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजत नाहीत, कारण झिजलेला किंवा हवा कमी असलेला टायर माप खातो. चारही मापं लॅपटॉपात भरली की गाडी हवा घेत-सोडत जागेवर येते. पथ्यं दोनच: आत कोणी बसायचं नाही, आणि दार उघडायचं नाही. दार उघडलं की ही गाडी उंची बदलणं तिथल्या तिथं थांबवते.

हे ट्रॉलीवाल्यांना कोण सांगणार? एक जण मडगार्डवर रेलला. दुसऱ्यानं "एसी हाय का?" म्हणत दार उघडलं, तिसऱ्यानं लावलं, आणि नीट लागलं का हे बघायला चौथ्यानं पुन्हा उघडलं. गाडी अर्धी उठायची आणि थबकायची. मिस्त्री टेपवरून मान न काढता ओरडायचा, "दार लाव ना बे!" मग मान वर करून, समोरच्या मिशा बघून, "लावा न जी."

तरी डाव्या पुढच्या चाकाचं माप दर खेपेला वेगळं येत होतं. मिस्त्री सेन्सरला शिव्या घालायच्या बेतात असताना काटेवाल्यानं खिडकीतून विचारलं, "ते पुढच्या सीटवरचे मालातच धरायचे का?"

काळ्या काचेआड मामा होते. घरापासून बसलेले, एसीत, कूस बदलत.

त्यांना उतरवलं, मापं जुळली, गाडी सरळ झाली. ते राहू द्या. काटेवाल्यानं सवयीनं पावती फाडली होती. भरलेलं वजन, म्हणजे मामांसकट. रिकामं वजन, म्हणजे मामांशिवाय. निव्वळ वजन: 90 किलो.

मामांनी चष्मा लावून पावती वाचली. "काट्यात खोट हाय."

काटेवाल्यानं वैधमापनशास्त्रवाल्यांचा यंदाचा शिक्का दाखवला. मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उभा जन्म सोयाबीन-तूर विकण्यात गेलेला माणूस शिक्क्यानं थोडाच ऐकतो!

"मंग कडता काप," मामा म्हणाले. "माल आनला तवा न इचारता कापत होते न? आता माह्यातून पाच किलो काप, अन् मंग दे पावती."